मियाटाला टर्बो: १९९२ च्या १.६ इंजिनावरच्या कामाच्या नोंदी

गाडी माझदा एमएक्स-५ मियाटा, मॉडेल १९९२, १५९७ सीसी, पाच गियर. जागा डेट्रॉइटजवळ, घरचं गॅरेज. नवं असताना हे इंजिन ११६ हॉर्सपॉवर द्यायचं. गाडी हजार किलोच्या आसपास भरते, त्यामुळे तेवढ्यातही ती छान पळते. मला हायवेवर चढताना आणि ट्रॅकच्या सरळ पट्ट्यात आणखी थोडा दम हवा आहे, म्हणून टर्बो लावायचा: एक्झॉस्टच्या धुरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंप. चाकांवर मोजून १६० ते १७० हॉर्सपॉवर, त्यापुढे नाही. या इंजिनाचे मूळ कनेक्टिंग रॉड चाकांवर दोनशे-सव्वादोनशेच्या आसपास धोक्यात येतात, आणि इंजिन आतून खोलायचं नाही हे पक्कं आहे.

बजेट ३,५०० डॉलर. मिशिगनमध्ये गाड्यांची धुराची तपासणी होत नाही, तरी कॅटलिटिक कन्व्हर्टर जागेवर राहणार. तो काढणं देशभर बेकायदा आहे. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी तिथल्या एअर बोर्डाची मान्यता असलेलंच किट घ्यावं. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असले बदल करू देत नाही, तेव्हा तिकडे रस्त्यावरच्या गाडीवर हे करू नका.

४ नोव्हेंबर २०२३

सुट्या भागांवर एक डॉलरही घालण्याआधी इंजिनाची तपासणी. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरमध्ये १७५ ते १८२ पीएसआय. दाब किती गळतो तेही पाहिलं, आठ टक्क्यांच्या आत. तीस वर्षांच्या इंजिनासाठी उत्तम.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे क्रँकचं नाक. १९९० आणि १९९१ च्या सुरुवातीच्या गाड्यांत क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड असायचं. त्यावरची पुली ढिली झाली की चावीची खाच हळूहळू खाल्ली जाते आणि क्रँक वाया जातो. ओळखायचं सोपं आहे: पुलीच्या मधल्या भागात खाचा मोजा. चार असतील तर आखूड नाक, आठ असतील तर सुधारलेलं लांब नाक. माझ्या गाडीत आठ. चार निघाल्या असत्या तर काम इथेच थांबवलं असतं.

टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप आणि कॅमचे ऑइल सील आताच बदलले. टर्बो बसल्यावर पुढची जागा पाइपांनी भरून जाते, मग याच कामाला दुप्पट वेळ लागेल.

१८ नोव्हेंबर

खरेदी. टर्बो: गॅरेट जीटी२५५४आर, वापरलेला, बॉल बेअरिंगचा, पाण्याने थंड होणारा, ६५० डॉलर. घेताना शाफ्ट बोटांनी हलवून पाहिला. वर-खाली अगदी किंचित, आत-बाहेर अजिबात नाही. कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या कडा शाबूत. १.६ लिटरला यापेक्षा मोठा टर्बो लावला की चार हजार आरपीएमपर्यंत काही घडत नाही, आणि रस्त्यावरची गाडी बहुतेक वेळ त्याच्या खालीच चालते.

मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर टर्बोकडे नेणारा भाग) ओतीव लोखंडाचा घेतला, ४२० डॉलर. पातळ स्टेनलेसचे वेल्ड केलेले मॅनिफोल्ड निम्म्या किमतीत मिळतात आणि दिसतातही सुंदर. पण टर्बोचं वजन अंगावर घेऊन लाल होईपर्यंत तापायचं, पुन्हा थंड व्हायचं, हे त्यांचे सांधे फार काळ सोसत नाहीत. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात फाउंड्र्यांच्या शेजारी वाढलो. ओतीव बिडाची जाडी हातात घेतल्यावर जो विश्वास वाटतो तो चकचकीत नळ्यांना बघून वाटत नाही.

१६० चा आकडा उगाच निवडलेला नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये बीबीआर या ट्यूनिंग कंपनीने हीच १.६ गाडी टर्बो लावून १५० हॉर्सपॉवरपर्यंत नेली आणि ती माझदाच्या डीलरांकडे विकली जायची. पुढे माझदाने स्वतः २००४-०५ मध्ये माझदास्पीड एमएक्स-५ काढली, १.८ लिटर टर्बो, १७८ हॉर्सपॉवर. ज्यांना वॉरंटी द्यायची होती त्यांनी कुठे थांबायचं ठरवलं, ते पाहून मीही त्याच्या आसपासच थांबतोय.

२ डिसेंबर

पाणी. बरेच जण हे काम शेवटी करतात किंवा करतच नाहीत. मी पहिलं घेतलं.

हे इंजिन मुळात पुढच्या चाकांवर चालणाऱ्या माझदा ३२३ च्या घराण्यातलं, म्हणजे आडवं बसणारं. मियाटात ते उभं बसवताना थर्मोस्टॅट पुढच्या टोकाला आणला. पाण्याचा पंपही पुढेच. परिणाम असा की पाणी पुढून आत शिरतं आणि बरंचसं पुढूनच बाहेर पडतं. मागच्या चौथ्या सिलिंडरला ताजं पाणी कमी पोचतं. ११६ हॉर्सपॉवरला ते चालून जातं. टर्बोच्या उष्णतेत नॉकिंगची (पेट्रोल आपोआप भडकण्याची) सुरुवात होते ती याच सिलिंडरपासून.

उपाय म्हणजे थर्मोस्टॅट हेडच्या मागच्या तोंडावर न्यायचा, पुढचं तोंड प्लेट लावून बंद करायचं आणि मागून लांब होज रेडिएटरकडे आणायचा. किट २३० डॉलर. काम दिसायला दोन बोल्टांचं. पण हेडच्या मागे कॉइल आहे, क्रँक अँगल सेन्सर आहे, आणि फायरवॉलमध्ये जेमतेम मनगट शिरतं. सेन्सर काढण्याआधी त्याच्या बुडाशी आणि हेडवर एकाच रेषेत खूण करा, नाहीतर इग्निशन टायमिंग हरवतं. हीटरचे जुने होज हात लावताच चिरले, तेही नवे घेतले. एका वीकेंडचं काम धरलं होतं, तीन गेले.

रेडिएटरच्या पंख्याला आज्ञा देणारा स्विच पुढच्या जुन्या हाउसिंगमध्ये असतो. तिथलं पाणी आता फिरत नाही, त्यामुळे तो स्विच उपयोगाचा राहिला नाही. पंखा नव्या ईसीयूवरून (इंजिनाच्या संगणकावरून) चालवणार. मूळ रेडिएटरची प्लास्टिकची टाकी काळीची तपकिरी-हिरवट झाली होती. ती फुटण्याआधीची खूण असते. नवा अॅल्युमिनियमचा, २१० डॉलर.

२३ डिसेंबर

ऑइल चेंबरला (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीला) भोक. टर्बोतून तेल परत येतं ते दाबाने नाही, फक्त उतारावरून. म्हणून परतीचं भोक चेंबरमध्ये तेलाच्या पातळीच्या वर, एक्झॉस्टच्या बाजूला, जमेल तितकं उंच हवं. चेंबर काढायचा तर इंजिन उचलावं लागतं किंवा खालचा सबफ्रेम उतरवावा लागतो. मी जागेवरच केलं.

चेंबरचा पत्रा पातळ आहे. सरळ मोठं भोक पाडून आटे पाडले तर जेमतेम दीड-दोन आटे मिळतात. आधी बारीक भोक, मग निमुळता पंच ठोकून पत्रा आतल्या बाजूला वळवत वळवत भोक मोठं केलं. त्याने कडेला कॉलर तयार होते आणि आट्यांना खोली मिळते. ड्रिलला आणि टॅपला भरपूर ग्रीस, म्हणजे कीस ग्रीसला चिकटून बाहेर येतो. दर पाव फेऱ्याला टॅप बाहेर काढून पुसला. फिटिंग बसवताना आट्यांना उष्णता सोसणारा इपॉक्सी लावला. शेवटी ड्रेन प्लग उघडा ठेवून दोन लिटर स्वस्त तेल वरून ओतलं आणि खाली चुंबकावर धरलं. पहिल्या लिटरात थोडा चुरा आला, दुसरं स्वच्छ.

तेल टर्बोकडे नेणारी लाइन ब्लॉकवरच्या ऑइल प्रेशर सेंडरच्या जागेवरून टी लावून घेतली. बॉल बेअरिंग टर्बोला तेल थोडंच लागतं, म्हणून टर्बोच्या तोंडाशी सुमारे एक मिलिमीटर भोकाचा रिस्ट्रिक्टर. तिथले मूळ आटे ब्रिटिश टेपरचे आहेत. अमेरिकन पाइपाचे आटे दोन फेऱ्यांपर्यंत बसल्यासारखे वाटतात, मग ब्लॉक चिरतो. अडॅप्टर नीट बघून मागवा.

६ जानेवारी २०२४

मॅनिफोल्ड आणि टर्बो बसले. अडीच इंची डाउनपाइप (टर्बोतून निघणारा एक्झॉस्टचा पाइप) जवळच्या एका वेल्डरने मापाने करून दिला, ३८० डॉलर. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत एक्झॉस्ट ड्रायव्हरच्याच बाजूला येतो, म्हणजे स्टिअरिंगचा शाफ्ट आणि क्लचची हायड्रॉलिक नळी टर्बोला जवळ. दोन्हीवर उष्णतारोधक बाही चढवली आणि टर्बाइनवर पत्र्याचं शील्ड.

इंटरकूलर (टर्बोने तापवलेली हवा थंड करणारा) बंपरच्या तोंडात. बाजूच्या फटी फोम आणि पत्र्याने बंद केल्या, कारण वारा सोपी वाट शोधतो आणि फट असेल तर रेडिएटरला वळसा घालून निघून जातो. गाडीखालचं प्लास्टिकचं आवरण अनेक जुन्या मियाटांत गायब असतं. ते परत लावलं.

१७ फेब्रुवारी

क्लच आणि वायरिंग. १.६ चा मूळ क्लच २०० मिलिमीटरचा. जास्त पकडीची प्रेशरप्लेट आणि साधी ऑरगॅनिक प्लेट घेतली, ३६० डॉलर. तांब्याच्या पकवाली (सुट्या तुकड्यांची) प्लेट ट्रॅफिकमध्ये झटके देते.

१.६ मध्ये हवा मोजायला झडपेचा एअर फ्लो मीटर असतो. तो काढला. मेगास्क्वर्ट ईसीयू आता इनटेक मॅनिफोल्डमधला दाब आणि हवेचं तापमान यावरून हिशेब करतो. अडकलो ते थ्रॉटल सेन्सरवर. मॅन्युअल गियरच्या १.६ मध्ये थ्रॉटलवर सेन्सर नसतो, नुसता स्विच असतो: पूर्ण बंद, पूर्ण उघडा, मधलं काही कळत नाही. ऑटोमॅटिक गाडीतला बदलत्या रेझिस्टन्सचा सेन्सर तिथे बसतो, पण त्याच्या तारा वेगळ्या. दोन संध्याकाळी मल्टिमीटर घेऊन बसलो.

इंजेक्टर माझदा आरएक्स-८ चे पिवळे, सुमारे ४२५ सीसी. मूळचे त्याच्या निम्म्याएवढे होते. हवा आणि पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर डाउनपाइपवर. वाइडबँडशिवाय टर्बो गाडीचं ट्यूनिंग करूच नका.

१६ मार्च

पहिला स्टार्ट. आधी इंजेक्टरचं कनेक्शन काढून स्टार्टरवर इंजिन फिरवलं, तेलाचा काटा वर येईपर्यंत. मग टायमिंग लाइट लावून १० अंश जुळवले. ईसीयूच्या पडद्यावर दिसणारे १० आणि पुलीवर दिसणारे १० एकच आहेत ना, हे तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही.

गाडी लगेच लागली. आयडलिंग गुळगुळीत. आठ-दहा मिनिटांनी सायलेन्सरमधून निळसर धूर, आधी हलका, मग गॅरेज भरेल इतका. बंद केली.

२३ मार्च

पहिला संशय टर्बोच्या सीलवर येतो आणि लोक तिथेच दुसरा टर्बो विकत घेतात. मी टर्बो उतरवला. शाफ्ट होता तसाच. टर्बाइनच्या (धुराकडच्या) घरात ओलं तेल, कॉम्प्रेसरची (हवेकडची) बाजू कोरडी.

टर्बोतल्या सीलना तेल अडवता येत नाही. मधल्या घरात तेल साठलं नाही तरच त्या काम करतात. म्हणजे तेल साठतंय, म्हणजे परतीची वाट तुंबतेय. टॉर्च घेऊन गाडीखाली गेलो. थंड असताना परतीचा होज सरळ उतरत होता. गरम झाल्यावर मऊ पडून तो सबफ्रेमवर टेकला होता आणि चेंबरच्या अलीकडे त्याचं पोट खाली लोंबत होतं. त्या पोटात तेल भरून राहायचं आणि मागचं सगळं वर टर्बोत थांबायचं.

होज आखूड केला, चेंबरच्या फिटिंगला ४५ अंशांचा कोन दिला आणि मध्ये कुठेही आडवा भाग राहू दिला नाही. आता वरून गोळी सोडली तर कुठेही न थांबता चेंबरमध्ये जाईल. अर्धा तास आयडलिंग, धूर नाही. सुट्या भागांचा खर्च ३० डॉलर.

१३ एप्रिल

पाडव्याला गाडी बाहेर काढायची होती, चार दिवस उशीर झाला. रस्त्यांवरचं हिवाळ्यातलं मीठ पावसाने धुऊन निघेपर्यंत थांबलो. वेस्टगेटची (जादा धूर टर्बाइनला वगळून सोडणाऱ्या झडपेची) स्प्रिंग ६ पीएसआयची. सुरुवातीला बूस्टमध्ये (टर्बोच्या जादा दाबात) न जाता फक्त हळू चालवून इंधनाचा नकाशा भरला.

मग थर्ड गियरमध्ये पहिली पूर्ण रेस. तीन हजारला ढकलायला सुरुवात, साडेतीनला पूर्ण दाब. गाडीचा स्वभाव तोच राहिला, फक्त चढ सपाट झाल्यासारखे वाटले. पाच हजारच्या वर मिसिंग. प्लगची गॅप मूळची १.१ मिलिमीटर होती. बूस्टमध्ये ठिणगी विझते. एनजीकेचे थंड जातीचे बीकेआर७ई घेऊन गॅप ०.७ केली, प्लगच्या केबल नव्या घातल्या. मिसिंग गेलं.

२७ एप्रिल

धूर परत, पण वेगळा. आयडलला नाही, बूस्ट देऊन पाय सोडला की मागे निळी झुळूक. डिपस्टिकही थोडी वर उचललेली सापडली, म्हणजे चेंबरमध्ये दाब.

कारण पीसीव्ही व्हॉल्व्ह, इंजिनाच्या पोटातली वाफ इनटेककडे सोडणारा. तो एकेरी वाट असायला हवा. काढून उलटीकडून फुंकून पाहिलं तर हवा आरपार जात होती. बूस्टचा दाब त्यातून इंजिनाच्या पोटात शिरत होता, आणि चेंबर फुगल्यावर टर्बोचं तेल उतरणार कुठे? आधी लावलेला व्हॉल्व्ह दुकानातला स्वस्त, चार डॉलरचा होता. माझदाचा मूळ घेतला आणि त्याच्या पुढे आणखी एक चेक व्हॉल्व्ह. एक्झॉस्टच्या बाजूची श्वासाची नळी कॅच कॅनमधून (तेल अडवणाऱ्या डब्यातून) टर्बोच्या तोंडाकडे.

तुमच्या टर्बोतून धूर आला तर तो कधी येतो ते आधी लिहून ठेवा. आयडलला येत असेल तर परतीचा होज, बूस्टनंतर येत असेल तर चेंबरचा दाब. टर्बो शेवटी.

११ मे

थंड इंजिनावर टक-टक आवाज. आयडलला वाइडबँड पेट्रोल कमी दाखवतोय आणि प्लग मात्र काळे. दोन्ही एकाच वेळी खरं कसं? वाइडबँडच्या आधी कुठेतरी एक्झॉस्ट गळत असेल तर दोन स्पंदांच्या मध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर फसतो, ईसीयू पेट्रोल वाढवतो, प्लग काळे होतात.

शील्ड काढल्यावर मॅनिफोल्ड आणि टर्बोच्या सांध्यावर काजळीची रेघ. चारपैकी दोन नट हाताने फिरले, एक स्टड लांब झालेला. नवे नट आवळून शंभर मैलांत पुन्हा तेच.

कोल्हापूरला काकांना व्हिडिओ कॉल केला. त्यांची लेथ आहे, डिझेल इंजिनांची कामं करतात. फोन गाडीखाली फिरवून दाखवला. म्हणाले, "आरं, नट आवळून काय हुनार? त्या पाइपाचं वजन कुनाच्या खांद्यावर हाय ते बघ की आधी."

डाउनपाइपला गिअरबॉक्सच्या बाजूने आधारच नव्हता. तापलेल्या चार स्टडवर टर्बो, पाइप आणि कॅटलिटिक कन्व्हर्टरचं वजन, वर इंजिनाची थरथर. बेलहाउसिंगच्या (गिअरबॉक्सच्या पुढच्या आवरणाच्या) बोल्टवरून जाड पट्टीचा ब्रॅकेट केला. स्टड इन्कोनेलचे (उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूचे), नटांखाली दोन भागांचे दातेरी लॉक वायसर, सगळं ११० डॉलर. ताणलेला स्टड पुन्हा वापरायचा नाही. त्यानंतर दर तेलबदलाला पाना लावून पाहतोय, हलत नाहीत.

२५ मे

पहाटेच्या गार हवेत फोर्थमध्ये पूर्ण रेस, साडेसहा हजारच्या पुढे इंधन एकदम बंद. ईसीयूत ११ पीएसआयला इंधन तोडायची मर्यादा लावली होती, तिनेच इंजिन वाचवलं. लॉगमध्ये दाब ६ वर सुरू होऊन आरपीएमबरोबर चढत गेलेला. वेस्टगेट पूर्ण उघडूनही त्याच्या भोकातून पुरेसा धूर बाहेर पडत नव्हता.

टर्बो पुन्हा खाली. झडपेखालचं भोक ग्राइंडरने मोठं केलं, झडप बसायला सगळीकडे दीड मिलिमीटर कड ठेवून. टर्बाइनकडून येणारी धार गोल केली. आता ६ चा दाब वर ७.२ पर्यंत जातो आणि थांबतो. मॅनिफोल्ड पहिल्यांदा बसवण्याआधीच हे करून घ्या, गॅस्केटांचे पैसे वाचतील.

१५ जून

डायनो, म्हणजे चाकांवरची ताकद मोजणारं यंत्र. ९३ ऑक्टेनचं पेट्रोल, बाहेर २७ अंश सेल्सियस. चाकांवर १६४ हॉर्सपॉवर. पूर्ण बूस्टमध्ये हवा-इंधन प्रमाण ११.५ च्या आसपास. चौथ्या सिलिंडरच्या जवळ लावलेल्या मायक्रोफोनवर नॉकिंग ऐकू आलं नाही, तरी टायमिंग दोन अंश मागे घेऊन ठेवलं. लागोपाठच्या रनमध्ये पाण्याचं तापमान ९३ अंशांच्या वर गेलं नाही. मागे नेलेल्या थर्मोस्टॅटवर घालवलेले तीन वीकेंड मला या आकड्यात दिसतात.

एकूण खर्च ४,९९० डॉलर. बजेटच्या वर गेलेले पैसे टर्बोवर गेले नाहीत. ते गेले पाणी, होज, स्टड, क्लच आणि दोनदा लावलेल्या गॅस्केटांवर.

राहिलेलं काम डिफरन्शियलचं. १.६ मध्ये ६ इंची क्राउन व्हील आहे, आणि टर्बोवर पहिलं तुटतं ते हेच. १९९४ पासूनच्या १.८ मधलं ७ इंची बसतं, पण सोबत अॅक्सल आणि प्रोपेलर शाफ्टही बदलावे लागतात. ओहायोतल्या एका स्क्रॅपयार्डमध्ये टॉर्सनवाला (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारा) सेट बघून ठेवलाय. तो हाती येईपर्यंत फर्स्ट आणि सेकंडमध्ये ईसीयूतून थ्रॉटलप्रमाणे टायमिंग मागे ओढलंय, आणि क्लच झटक्याने सोडायचा नाही.